अठरा लाखांत न धरलेली होडी

लोटे एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत मी पर्चेस विभागात काम करतो, तिथे दोन वर्षांपूर्वी एक नवे साहेब आले. पुण्याचे, वयाने माझ्यापेक्षा लहान. खेडहून सकाळी सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते एके दिवशी मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"हे तुम्हीच ना?"

आमच्या सिनेमाचं पान होतं. निर्मिती व्यवस्थापक म्हणून माझं नाव होतं. त्याखाली खर्च, अठरा लाख. कमाईपुढे नुसती रेघ.

"अठरा लाखांत हा सिनेमा?" साहेब म्हणाले. "माझ्या बहिणीच्या लग्नाला याहून जास्त लागले. तुम्हाला व्हेंडर मीटिंगला पुढे बसवायला हवं. आणि ती शेवटची होडी गावाने खरंच फुकट दिली? जाळायला?"

"दिली," मी म्हणालो. आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो.

ही गोष्ट मी एवढी वर्षं एकाच पद्धतीने सांगत आलो होतो. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, मलाही बरं वाटायचं. आता ती जशी घडली तशी सांगतो.

दिग्दर्शक माझा रत्नागिरीच्या कॉलेजातला मित्र. शिक्षण झाल्यावर तो मुंबईला गेला, जाहिरातींच्या कामात शिरला आणि दहा-बारा वर्षांनी एक कथा घेऊन परत आला. खाडीकाठचा एक माणूस म्हातारा होत जातो, मासे कमी होत जातात, मुलगा दूर जातो आणि शेवटी तो माणूस आपली होडी स्वतःच्या हाताने पेटवून देतो. एवढीच कथा. त्याच्याकडे स्वतःचे थोडे पैसे होते, थोडे बहिणीने दिले होते, दोघा मित्रांनी घातले होते. सगळे मिळून अठरा लाख.

"मला सिनेमातला माणूस नको," तो मला म्हणाला. "एक रुपयाचं काम बारा आण्यांत करून आणणारा माणूस पाहिजे. तो तू आहेस."

मी फुगलो. कंपनीत माझी ख्यातीच ती होती. ड्रम असो, वॉल्व्ह असो, समोरचा जो भाव सांगेल त्यातून मी काही ना काही खाली आणायचोच. त्याची एक रीत असते. आधी मालाभोवती फिरायचं, बोटाने ठोकून बघायचं, तोंड वाकडं करायचं. मालात खोट असो-नसो, काढायचीच. विकणारा स्वतःच्या मालाबद्दल गप्प झाला की भाव पडतो.

मी सव्वा महिन्याची रजा काढली. त्यातली अर्धी बिनपगारी. बायको रागावली, पण मला थांबवलं नाही. रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुढे खाडीच्या आतल्या अंगाला एक वाडी आहे, तिथे चित्रीकरण ठरलं. सुट्टीच्या दिवसांत शाळा मोकळी होती, तिथे आम्ही पंचवीस माणसं राहिलो. जेवण वाडीतल्या दोन घरांतून यायचं. मी गळ्यात शिट्टी घालून हिंडायचो. खरं सांगतो, आयुष्यात तेवढा आनंदात मी कधीच नव्हतो. पहाटे उठून जनरेटरचं डिझेल मोजण्यातसुद्धा आनंद होता.

होडी ज्यांची होती, त्यांना मी काका म्हणायचो. तेव्हा पन्नाशीचे होते. सडसडीत, काळे, फार न बोलणारे. खाडीत जाळं टाकायचे, बायको खडकांवरची कालवं काढायची, मुलगी बारावीला होती. त्यांची होडी आम्ही दिवसाच्या भाड्याने घेतली होती, आणि ते भाडं मी रोज संध्याकाळी हातात देत होतो. नटाला वल्हवायला त्यांनीच शिकवलं. नटाचे कपडेही त्यांचेच. वापरून विटलेला शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी विकत कुठे मिळणार? काकींकडे दोन नवे शर्ट दिले आणि काकांचे दोन जुने घेतले. त्यामुळे मागून बघितलं तर नट आणि काका सारखेच दिसायचे. शाळेच्या पडवीत यावरून रोज चेष्टा चालायची.

शेवटच्या आठवड्यात होडी जाळायचा प्रसंग आला. कागदावर ठरलं होतं की एखादी मोडकी होडी आणून जाळायची. मी मोडकी होडी शोधलीही, स्वस्तात. दिग्दर्शकाने ती लांबूनच बघितली आणि मान हलवली. "पूर्ण सिनेमाभर ही होडी दिसली आहे. हिची पुढची निमुळती नाळ बघ, हिचा रंग बघ. दुसरी जाळली तर आंधळ्यालाही कळेल." कलादिग्दर्शनाचं काम बघणारा म्हणाला की प्लायवूडची हुबेहूब करून देतो, पंचेचाळीस हजार लागतील. आमच्याकडे शेवटच्या आठवड्याचं जेवण आणि परतीची गाडी, एवढेच पैसे उरले होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "माझ्यावर सोडा."

काकांच्या घरी गेलो तेव्हा काकी अंगणात कालवं फोडत बसल्या होत्या. काका जाळ्याची गाठ मारत होते. मी आधी होडीच बघायला निघालो आणि काका उठून माझ्यामागे आले. होडी घरामागेच, पाण्याकडेला ओढून ठेवलेली होती. मी तिच्याभोवती फिरलो. बोटाने ठोकलं. खाली वाकून म्हणालो, "काका, ही खालची फळी गेली हो."

"नाय ओ," ते म्हणाले. "बरी हाये."

"बरी कसली? आवाज बघा." मी पुन्हा ठोकलं. "अजून दोन पावसाळे काढेल जेमतेम."

ते काही बोलले नाहीत. हात मागे बांधून होडीकडे बघत राहिले. मला कळलं की भाव पडला.

मग मी त्यांना सांगितलं. ते सगळं ऐकून त्यांनी एकच शब्द विचारला, "जाळायची?"

"सिनेमा चालला की नवी बांधून देऊ. फायबरची, इंजिनासकट. आणि तुमचं नाव येईल सिनेमात. मोठ्या पडद्यावर. जगभर जाईल."

"नाव?" ते थोडे हसले.

मागून काकी आल्या होत्या. हातात कोयता तसाच. त्या म्हणाल्या, "आनि नाय चालला तर?"

"काकी, असं बोलू नये," मी हसत म्हणालो. "चांगल्या कामाच्या वेळी तरी चांगलं बोला."

त्या गप्प झाल्या. त्यांना मी अशुभ बोलल्याबद्दल गप्प केलं होतं. माझ्या खिशात लिहून द्यायला पेन होतं, कागदही होता. काकांनी लिहून मागितलं नाही आणि मी दिलं नाही. शाळेत परतल्यावर मी दोन्ही हात वर करून आत शिरलो आणि सगळ्यांनी जल्लोष केला. त्या दिवसाच्या हिशेबात मी होडीपुढे 'निरंक' असं लिहिलं, आणि त्याखाली कंपनीत मारतो तशी दोनदा रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली होती. काकांनी नाळेला बांधलेला नारळी पौर्णिमेचा वाळका हार सोडून घेतला. वल्ही काढून घेऊ का, असं त्यांनी मला विचारलं. मी दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, वल्ही आत दिसायला हवीत. काकांनी वल्ही परत आत ठेवली, नीट एकाशेजारी एक.

होडी पटकन पेटली नाही. रॉकेल टाकलं, वरच्या फळ्यांनी धरलं, पण खाली पेट घेईना. सुतारकाम करणारा आमचा माणूस वाकून बघून आला आणि मला हळूच म्हणाला, "खालची फळी नवी आहे हो. वर्षभरापूर्वीची. अजून ओल आहे तिच्यात." मी त्याला म्हटलं, आणखी रॉकेल टाक.

शेवटी पेटली. नट समोर उभा राहिला, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. तो चांगला रडला. कट झाल्यावर तो तोंड धुवायला विहिरीकडे गेला. होडी अजून जळत होती. तेव्हा काका पुढे आले आणि जिथे नट उभा होता त्याच्या थोडे मागे, पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. हात मागे बांधलेले. दिग्दर्शकाने काही न बोलता कॅमेरामनच्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेरा वळला. मी बाजूलाच होतो. आम्ही तिघं श्वास रोखून उभे राहिलो. जाळात काहीतरी तडकलं, बहुतेक वल्हं, आणि काकांचा डावा खांदा, जो वल्हवून वल्हवून आधीच थोडा खाली असायचा, आणखी हळूहळू खाली येत गेला. बस, एवढंच. मग त्यांनी मागे बांधलेले हात सोडले, आणि ते कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे नुसते उभे राहिले.

दिग्दर्शक रडत होता. त्याने खूण केली, झालं.

काकांना हे कळू नये असं मला त्या क्षणी का वाटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. मी ओरडलो, "काका, बाजूला व्हा. फ्रेममध्ये आलात."

ते दचकले. "चुकला माजा," असं म्हणत पटकन बाजूला झाले.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. मुंबई-पुण्यात मोजक्या थिएटरांत, दुपारच्या अडनिड्या वेळी, आणि रत्नागिरीत एका ठिकाणी. पहिल्या खेळाला आम्ही वाडीला पास वाटले होते, म्हणून गर्दी दिसली. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आलेली माणसं मी मोजली, अकरा होती. त्यातले दोघे मध्यंतरात गेले. चौथ्या दिवशी खेळ काढून टाकला. मुंबईत आठवडा कसाबसा पुरा झाला. सगळा मिळून जो पैसा हातात आला तो पोस्टरच्या छपाईलाही पुरला नाही. दिग्दर्शकाने स्टुडिओचं बिल भागवण्यासाठी सिनेमाचे सगळे हक्क मुंबईच्या एका माणसाला एकरकमी देऊन टाकले. त्यानंतर सिनेमाचं काहीही झालं तरी आम्हाला पैसा मिळणार नव्हता, आणि मिळालाही नाही.

पहिल्या खेळाला काका-काकी आले होते. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मी दिलेल्या दोनांतला एक. सिनेमा संपला. लोक उठायला लागले, ते दोघं बसून राहिले. पडद्यावर नावं सरकत होती. मी त्यांच्या मागच्या रांगेत उभा होतो आणि मला पुढचं माहीत होतं. नावांची यादी मीच पाठवली होती. दिग्दर्शक म्हणाला होता, यादी लांब होते आहे, कमी कर. मी वाडीतली बावीस नावं काढून तिथे 'समस्त ग्रामस्थ' असं लिहिलं होतं. एका ओळीत काम झालं.

दिवे लागले. काकी म्हणाल्या, "आला काय?"

काका म्हणाले, "येऊन गेला असंल. लय जोरात जातात. माजा वाचन तेवढा नाय."

मी मागच्या दाराने बाहेर पडलो.

नंतर त्यांनी मला दोनदा फोन केला. होडीबद्दल ते बोललेच नाहीत. "सिनेमा किती चालला?" असं विचारायचे, आणि मी "बघतोय काका, अजून आकडे यायचेत" असं म्हणायचो. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी उचलला नाही. चौथा आलाच नाही. पुढे कोणीतरी सांगितलं की ते बंदरावर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. पन्नाशीनंतर, पोराच्या वयाच्या खलाशांबरोबर. मी रत्नागिरीला गेलो की मासळीबाजाराच्या रस्त्याने जायचं टाळायला लागलो.

सात-आठ वर्षं कुणालाही तो सिनेमा आठवला नाही. मग हक्क घेतलेल्या माणसाने तो इंटरनेटवर टाकला, आणि कुणीतरी शेवटची दीड मिनिटं कापून वेगळी टाकली. जळती होडी आणि पाठमोरा माणूस. ती दीड मिनिटं कुठच्या कुठे गेली. कॉलेजची मुलं त्यावर लिहायला लागली. शहरांतल्या फिल्म क्लबांनी सिनेमा दाखवला. त्या पाठीचे टी-शर्ट निघाले. नटाचं वय झालं होतं, त्याला कामं मिळत नव्हती. त्याला एकाएकी मुलाखती द्याव्या लागल्या. पाठीने अभिनय करणारा नट, असं त्याच्याबद्दल लिहून आलं. त्याने एकदाही सांगितलं नाही की ती पाठ माझी नाही. मला त्याला नावं ठेवायचा अधिकार नाही.

एका पत्रकार बाईंनी दिग्दर्शकाला खर्चाचा आकडा विचारला. तो म्हणाला, ते आमच्या व्यवस्थापकाला विचारा. मी फोनवर अर्धा तास बोललो. अठरा लाखांत कसं केलं ते रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "आणि ती होडी? ती तर गावानेच दिली. म्हणाले, घ्या, जाळा!" त्या हसल्या. मीही हसलो. ते वाक्य तसंच छापून आलं, आणि त्यानंतर जिथे जिथे सिनेमाबद्दल काही लिहिलं गेलं तिथे तिथे ते आलं.

गेल्या वर्षी रत्नागिरीतल्या एका कॉलेजने सिनेमा दाखवला. मी आणि दिग्दर्शक मंचावर होतो. होडीचा किस्सा मी पुन्हा सांगितला. आता तो मला पाठच झाला होता, कुठे थांबलं की लोक हसतात तेही ठाऊक होतं. सभागृह भरलेलं होतं. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर पायऱ्यांशी एक बाई थांबली होती. तिशीच्या आतली, खांद्याला पर्स, गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र. मी ओळखलं नाही. तिनेच सांगितलं, ती काकांची मुलगी. इस्पितळात लॅब टेक्निशियन आहे, सुटल्यावर तशीच आली.

"एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "ती पाठ बाबांची आहे ना?"

दिग्दर्शक माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आजूबाजूला सात-आठ मुलं सेल्फी काढायला थांबली होती.

"नाही," मी म्हणालो. "नटाचीच आहे. कपडे फक्त बाबांचे."

"खांदा ओळखू आला म्हणून विचारलं."

"तो बाबांकडूनच शिकला ना वल्हवायला. उचलला असेल."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग "बरं" म्हणून ती पायऱ्या उतरून गेली. दिग्दर्शक नंतर गाडीत म्हणाला, "तू बोललास ते बरं केलंस. आता कुठे ते सगळं उकरायचं?"  खेडला घरी पोचलो आणि बायकोने विचारलं, कसा झाला कार्यक्रम. मी तिला म्हणालो, बरा झाला. तिने ताट वाढलं, मी ते बाजूला सारलं. तेव्हा मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून.

ती मध्येच एकदा म्हणाली, "तुम्ही बाईला गप्प केलंत?" बाकी कशाहीपेक्षा तिला ते लागलं. मग म्हणाली, "जाऊन या."

जायला मला पाच महिने लागले. कधी कंपनीत ऑडिट होतं, कधी मुलाची परीक्षा होती. या साऱ्या काळात मी बँकेतून पैसे काढून पाकिटात ठेवले होते, म्हणजे पैसे हे कारण नव्हतं.

यंदा एका रविवारी गेलो. घर तेच होतं, पुढे पत्र्याची शेड नवी होती. काका बाहेर खुर्चीत बसले होते. ट्रॉलरवर घसरून गुडघा गेला, तेव्हापासून समुद्र बंद. मला बघून ते उठायला लागले. मी त्यांना बसवलं.

"साहेब, तुमी? मुद्दाम आलात?" त्यांना खरोखर आनंद झाला होता. "टीवीवर, मोबाइलवर सगळीकडे आपला सिनेमा. पोरगी दाखवते. मी सगळ्यांना सांगतो, माजा नाव हाये त्यात. वाचाया मिळाला नाय, पन हाये."

काकी आतून दारात येऊन उभ्या होत्या.

मी कुठून सुरुवात करणार होतो ते आठवेना. म्हणालो, "काका, नाव नाही आहे."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. नाव मीच काढलं, बावीस जणांची काढली. फळी गेलेली नव्हती, ते मला जाळतानाच कळलं. फोन मी मुद्दाम उचलला नाही. आणि पडद्यावरची पाठ तुमची आहे, तुमच्या मुलीने विचारलं तेव्हा मी तिच्याशी खोटं बोललो. बोलताना मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघत होतो.

 काका म्हणाले, "फळी फणसाची होती. मीच बसवलेली. तवा तुमी गेलीय म्हनलात, मी रातभर इचार केला, माज्या हातान कशी काय चुकली बसवायला?" आणि थोडं थांबून, "मग माजी पाठ घेतली, तर मला वरडलात कशाला?"

 

मी पाकीट पुढे केलं. काकांनी हात पुढे केला नाही. काकी आल्या, त्यांनी पाकीट घेतलं, तिथेच उघडून नोटा मोजल्या, सावकाश, एकेक करून. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "होडीचे झाले."

एवढंच. चहाचं त्यांनी विचारलं नाही. मी निघालो तेव्हा काका खुर्चीतून म्हणाले, "जपून जा." काकी आधीच आत गेल्या होत्या.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे इंटरनेटवरच्या त्या पानावर जाऊन खर्चाचा आकडा बदलला, होडी धरून. आणि होडी गावाने फुकट दिल्याचं वाक्य काढून टाकलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी सगळं पूर्ववत केलं होतं. खाली कारण दिलं होतं की बदलाला आधार नाही, मूळ आकड्याला छापील मुलाखतीचा आधार आहे. ती मुलाखत माझीच. पत्रकार बाईंना मी पत्र पाठवलं. त्यांनी ते वाचल्याचं कळवलं, पुढे काही झालं नाही.

दुसरी गोष्ट, मी काकांच्या मुलीला मेसेज पाठवला. तू बरोबर ओळखलंस, मी खोटं बोललो, असा. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. "बाबांना सांगितलंत ते आईकडून कळलं. यापुढे कार्यक्रमांत आमच्या होडीबद्दल बोलू नका."

मी कबूल झालो. लगेच महिन्याभरात पुण्याच्या एका फिल्म क्लबचं बोलावणं आलं, ते मी नाकारलं. दिग्दर्शकाने कारण विचारलं तेव्हा त्याला वाडीला जाऊन आल्याचं सांगितलं आणि म्हणालो की ती पाठ कुणाची हे आता तूच सांगायला हवंस, नटाशी बोलून घे.  तो म्हणाला, "सांगतो. खरंच सांगतो. मलाही झोप लागत नाही रे."

त्याने शब्द पाळला. पुण्याच्या त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मला साहेबांनीच बसमध्ये दाखवला. दिग्दर्शक मंचावर उभा राहून सांगत होता की तो पाठमोरा माणूस नट नाही, होडीचा खरा मालक आहे, स्वतःची होडी जळताना बघतो आहे, त्याला माहीतही नव्हतं की कॅमेरा चालू आहे. त्याचा आवाज दाटून आला होता, आणि तो खोटा नव्हता, मी त्याला ओळखतो.  सभागृहातले सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. रत्नागिरीत माझ्या किश्श्याला पडल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त टाळ्या. कुणीतरी शिट्टीही मारली. होडीचे पैसे दिले होते का, हे तिथे कुणी विचारलं नाही. काकांचं नाव काय, हेही नाही.

"काय सिनेमा आहे!" साहेब म्हणाले. "हे कळल्यावर तर मी परत बघितला."

 मी त्यांना होडीचं काहीतरी सांगायला लागलो, फळीचं, काकींचं, पण बस गेटपाशी आली आणि ते कार्ड काढत उठले.

तो व्हिडिओ मी काकांच्या मुलीला पाठवला नाही. तिने तो पाहिला असणारच.